कॅसेट लावायच्या आधी टेप उघडून बघा

सांगली-मिरजेकडं जुन्या घरात माळ्यावर नाहीतर कपाटाच्या वरच्या खणात एखादा टू-इन-वन असतोच आणि त्याच्याशेजारी कॅसेटींचा डबा. विकत आणलेल्या गाण्यांचं एवढं काही नाही, ती आज कुठंही ऐकायला मिळतात, पण भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, लग्नातली मंगलाष्टकं, आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या, हे सगळं जगात फक्त त्या एका रिळावर असतं. आणि अशी कॅसेट हाताला लागली की माणूस आनंदाच्या भरात ती वर्षानुवर्षं बंद असलेल्या टेपात घालतो आणि थेट प्ले दाबतो. कृपा करून हे करू नका. कॅसेट बऱ्याचदा चांगली असते, तिची वाट लागते ती त्या टेपमध्ये.

का ते बघा. ही कॅसेट फिलिप्स कंपनीच्या लू ऑटेन्स यांच्या टीमनं बनवली आणि १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आणली. आतल्या रिळाची रुंदी ३.८१ मिलिमीटर, आणि जाडी ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण १२ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढी नाजूक पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानं ओढतो तो कॅपस्टन, म्हणजे स्टीलची बारीक दांडी, आणि तिच्यावर दाबून बसणारा रबरी पिंच रोलर. पुढं आलेलं रीळ गुंडाळून घ्यायचं काम उजवीकडच्या चक्राचं, आणि ते चक्र फिरतं रबरी बेल्टवर. आता बेल्ट जुना झाला की सैल पडतो, कधीकधी विरघळून डांबरासारखा चिकट होतो, मग चक्र थांबतं पण कॅपस्टन आपला रीळ पुढं ढकलतच राहतो, आणि ते रीळ जातं कुठं तर रोलरभोवती. यालाच आपण रीळ खाल्लं म्हणतो.

म्हणून आधी झाकण उघडून कॅसेट न घालता प्ले दाबा, उजवं चक्र जोमानं फिरतंय का बघा, बोटानं हलकं धरल्यावर लगेच मरत असेल तर बेल्ट बदलल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग एखादी बिनकामाची कॅसेट पूर्ण वाजवून बघायची. आपली मोलाची कॅसेट सगळ्यात शेवटी, आणि तिच्या मागच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या आधी मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

आता हेडची, म्हणजे टेपमधल्या ज्या भागाला रीळ घासून जातं आणि जो त्यावरचा आवाज वाचतो त्याची सफाई, याच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण लोक याला फार किरकोळ समजतात. रिळावर आवाज चुंबकीय लाटांच्या रूपात असतो. आवाज जितका बारीक, म्हणजे उंच पट्टीचा, तितकी लाट आखूड. वेगाचा हिशोब मांडला तर १० हजार हर्ट्झच्या आवाजाची लाट रिळावर जेमतेम ४.८ मायक्रॉनची येते, आणि ५०० हर्ट्झची जवळपास ९५ मायक्रॉनची. रीळ आणि हेड यांच्यात नुसता १ मायक्रॉन मळ बसला तरी त्या बारीक आवाजात ११ डेसिबलच्या आसपास घट होते, जाड आवाजाला मात्र काही फरक पडत नाही. त्यामुळं टाळ, झांजा, स, श हे सगळं गायब आणि आवाज नुसता दबका. लोक म्हणतात कॅसेट उतरली, अहो आधी हेड पुसा! कान साफ करायची कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड आणि कॅपस्टन पुसायचे, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. ते तपकिरी म्हणजे रिळावरून झडलेला लोखंडाचा ऑक्साइड. रबरी रोलरला साबणाचं हलकं पाणी बरं. सेंट, थिनर, रॉकेल यातलं काही लावू नका.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र ओल. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण, कोयना, महाबळेश्वरकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाझरतात, तिथं कॅसेटवर पांढरी बुरशी धरणारच. ऑक्साइडची भुकटी पट्टीला धरून ठेवणारा जो चिकट पदार्थ असतो तो हवेतली ओल शोषून हळूहळू सुटत जातो. कॅसेटी उभ्या, पेटीत घालून, कोरड्या जागी ठेवायच्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात तापतो म्हणून तो नको, आणि फ्रिजमध्ये तर नकोच, बाहेर काढल्यावर दव धरतं. बुरशीची कॅसेट टेपात घातली तर बुरशीचे कण पुढच्या कॅसेटींना लागतात, तेव्हा ती वेगळी ठेवा आणि तोंडाला मास्क लावूनच हाताळा.

आणि पूर. २००५, २०१९, २०२१, कृष्णा घरात शिरली की गाळ सगळ्यात जातो. भिजलेली कॅसेट फेकू नका! पट्टी पॉलिएस्टरची असते, तिला पाण्याचं लगेच काही होत नाही, आणि वरचा ऑक्साइड मुळातच गंजाच्या जातीचा. नुकसान करतो तो वाळलेला गाळ, त्याचे खडे रिळाला ओरखडतात. म्हणून गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यात, शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवायची, स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून सावलीत पंख्यापासून लांब निवांत वाळवायची, उन्हात नाही, हेअर ड्रायर तर अजिबात नाही. वाळली की रीळ दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात बसवा.

टेप वापरात नसेल तर त्यातले सेल काढून ठेवा, एवढंच. फुटलेल्या सेलचं पाणी आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खातं.

सीडीचं शास्त्र वेगळं. १९८२ साली बाजारात आलेली ही १२ सेंटिमीटरची तबकडी खालून चांगली १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची, पण आवाज असतो वरच्या लेबलाच्या अगदी खाली, ॲल्युमिनियमच्या थरात, आणि त्यावर नुसता लाखेचा पातळ थर. लोक खालची बाजू जपतात आणि लेबलवर बॉलपेननं नाव लिहितात, तिथंच घात होतो. खालचे ओरखडे बरेचसे सांभाळून घेतले जातात, ट्रॅकवर सलग २.५ मिलिमीटरपर्यंत माहिती गेली तरी प्लेअर गणित करून ती पूर्ण भरून काढतो. पण ट्रॅक गोल फिरत जातो, म्हणून पुसताना गोल पुसायचं नाही, मध्यापासून कडेकडं सरळ. गोल ओरखडा ट्रॅकच्या बाजूनं लांबत जातो आणि मग गणित हरतं. घरी राइट केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरात असते, ती उन्हात ठेवू नका.

हे सगळं झालं की मग कॉपी. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवून घ्या, रीळ मोकळं होतं. हेडफोनच्या सॉकेटमधून वायर कॉम्प्युटरला जोडा, फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला ठेवा, एमपीथ्री नंतर पाहिजे तेवढ्या करा. फाइलच्या नावात कोण गातंय, कुठलं गाव, कुठलं साल हे घाला, घरातली म्हातारी माणसं आहेत तोवरच विचारून घ्या. आणि एक पेनड्राइव्ह विट्याकडच्या पाव्हण्यांच्या घरी ठेवा, तिथं कृष्णेचं पाणी येत नाही.