गोवराचं पुरळ कोण उठवतं?

२०२२च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवराची साथ पसरली, तेव्हा शेजारच्या आजी आल्या-गेल्याला बजावत होत्या, "गोवर नीट उठू दे गं, आत राहिला तर वाईट!" या बोलण्यात जीवशास्त्राचा एक सुंदर धागा आहे.

पुरळ म्हणजे विषाणूनं कातडीला केलेली इजा, असं आपण धरून चालतो. पण लागण झाल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप, खोकला, लाल डोळे सुरू होतात. पुरळ दिसतं ते चौदाव्या दिवसाच्या आसपास. आधी कानामागे, कपाळावर, मग खाली. ठिपक्यावर बोट दाबा, तो फिका पडतो. उचला, पुन्हा लाल. केशवाहिन्या, म्हणजे कातडीतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या, फुगलेल्या असतात.

त्या कोण फुगवतं? केशवाहिन्यांच्या अस्तरात विषाणू आधीच शिरलेला असतो. टी-पेशी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्याला हुडकत तिथे पोचतात. मदतनीस टी-पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, वाहिन्या फुगतात. मारक टी-पेशी बाधित पेशी मारतात. क्षयाची लागण तपासायला ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेली प्रथिनं, टोचल्यावर लागण झालेल्यांच्या हातावर दोन-तीन दिवसांनी कडक फुगवटा येतो, तोही याच जातीचा: विलंबित अतिसंवेदनशीलता, म्हणजे टी-पेशींची उशिरा उमटणारी प्रतिक्रिया. प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयारच न होणाऱ्या मुलांनाही गोवराचं पुरळ येतं आणि ती बरी होतात. उलट ज्यांच्या टी-पेशी दुबळ्या, त्यांच्या अंगावर एकही ठिपका न उठता विषाणू फुप्फुसं व्यापू शकतो. १९५९ साली विषाणुतज्ज्ञ जॉन एंडर्स आणि सहकाऱ्यांनी पुरळ न येता दगावलेल्या मुलांमध्ये हा विषाणू शोधून काढला.

म्हणजे आजींचं निरीक्षण निम्मं खरं. मात्र गोवर 'बाहेर काढायला' लेकराला उपाशी ठेवणं, देवीचा कोप समजून दवाखाना टाळणं घातक आहे. त्याला पाणी, अन्न आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं अ जीवनसत्त्व हवं. लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत.

मला सर्वांत चक्रावून टाकतं ते पुढचंच. १९०६ मध्ये 'ॲलर्जी' हा शब्द घडवणाऱ्या व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ पिर्के यांनी १९०८ मध्ये पाहिलं, की क्षयाची लागण झालेल्या मुलांना गोवर आला की त्यांची ट्युबरक्युलिन चाचणी काही काळ मावळते, म्हणजे तो फुगवटा येईनासा होतो. कातडीवर टी-पेशींचा असा वणवा पेटलेला असताना तोच विषाणू जुन्या रोगांची आठवण जपणाऱ्या पेशींमध्ये शिरून त्यांना मारत असतो. म्हणून पुरळ सुकल्यावरही पुढचे कित्येक महिने मूल न्यूमोनिया आणि जुलाबांना सहज बळी पडतं.