किराळ

किराळ : ज्वारीचे कोवळे ताट, पोंगा किंवा कापणीनंतर बुडख्याला आलेले फुटवे खाल्ल्याने जनावरांना होणारी विषबाधा. ‘ढोराला किराळ लागणे’ असा शब्दप्रयोग आढळतो. कोंब या अर्थाच्या ‘किरळ’ शब्दापासून हे नाव आले असावे. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे) ज्वारी हे माणसाचे धान्य आणि जनावराची वैरण दोन्ही असल्याने पीक कसे वाढवले व केव्हा कापले, यावर या विषबाधेचा संभव ठरतो.

ज्वारीतील विषारी घटक धुरिन हा ग्लुकोसाइड (साखरेशी जोडलेले संयुग) होय. डन्स्टन व हेन्री यांनी १९०२ मध्ये तो वेगळा केला. ज्वारीच्या ‘धुरा’ या अरबी नावावरून त्याचे नामकरण झाले. पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींत धुरिन आणि आतील पेशींत त्याचे विघटन करणारे एंझाइम असते. पान अखंड असताना दोहोंची गाठ पडत नाही. चावताना पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येऊन हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. गाय, बैल, म्हैस, शेळी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत मोठ्या पोटातील सूक्ष्मजंतूही हे काम करतात. म्हणून एककोष्ठी पोटाच्या घोड्यापेक्षा त्यांना धोका अधिक. शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे सु. २ मिग्रॅ. आम्ल झपाट्याने रक्तात गेल्यास ते घातक ठरते. पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही. त्यामुळे रक्त लालभडक असूनही जनावर गुदमरते.

मशागतीपैकी नत्राचा परिणाम निर्विवाद आहे : युरियाचा जादा हप्ता दिलेल्या, विशेषतः स्फुरद कमी असलेल्या जमिनीतील पिकात धुरिन वाढते. पाण्याच्या ताणाबाबत मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार ताणात झाड धुरिन अधिक बनवते. दुसऱ्या मतानुसार निर्मिती फारशी वाढत नाही. वाढ खुंटल्याने झाड दिवसांनी जुने पण अंगाने कोवळेच राहते आणि चाऱ्याच्या वजनामागे विषाचे प्रमाण जास्त भरते. पेरणीचे दिवस न मोजता उंची व फुलोरा पाहून चारा कापावा, हा व्यवहारातील दंडक दुसऱ्या मताशी अधिक जुळतो.

तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओलीवर येणारी दादर ही रब्बी ज्वारी पक्व झाल्यावर कापतात आणि ताटे वाळवून कडबा करतात. वाळताना आम्ल बरेचसे उडून जाते, त्यामुळे कडब्याने सहसा किराळ लागत नाही. (दादरचे कोवळे पीक निर्धोक असते, असा याचा अर्थ नव्हे.) धोक्याचे प्रसंग दोन : पावसाच्या खंडात सुकलेल्या खरीप पिकात सुटलेले जनावर, आणि परतीच्या पावसाने कापलेल्या शेतात वीतभर फुटवे आल्यावर बांधावरून आत शिरलेला कळप. विहिरीच्या पाण्यावर, भरपूर खत देऊन घेतलेल्या बहुकापणीच्या चारा-ज्वारीमुळे तिसऱ्या प्रसंगाची भर पडते. अशा पिकात नायट्रेटही साठते. ते बुडाकडील कांड्यांत अधिक असते व वाळवूनही जात नाही. त्याच्या बाधेत रक्त चॉकलेटी दिसते. मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) धुरिन व नायट्रेट दोन्ही घटतात, तरी पुरते नाहीसे होतात असे नाही.

लक्षणे काही मिनिटांतही दिसतात : धाप, तोंडाला फेस, थरथर, झटके, जनावर आडवे होते. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देणे हा उपाय आहे. निदान नायट्रेटबाधेचे असल्यास मात्र नायट्राइट अपायकारक, तेथे मेथिलीन ब्लू देतात. गावाकडे गूळपाणी पाजतात. झटके येत असलेल्या जनावराला नळीने काही पाजल्यास ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.