सामू वेगळा, अल्कलिनिटी वेगळी

परवा आमच्या सोसायटीतल्या एक काकू अनंताचा शेंडा हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. कोवळी पानं लिंबासारखी पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, जणू कोणी बारीक ब्रशने काढल्यासारख्या. "अगं, पाण्याचा पीएच बघितला मी, साडेसात आहे. महिनाभर रोज बादलीत लिंबू पिळून घालतेय. तरी हे असं का?"

हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात चार-पाच जणांकडून तरी येतो. दरवेळी घोटाळा तोच असतो: पाण्याचा पीएच म्हणजेच पाण्याची अल्कलिनिटी असं धरून चालणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कुंडीतल्या झाडाचं नुकसान बहुतेक वेळा दुसरी करते. मोजतो मात्र आपण पहिली.

आपल्या भाषेनेही यात भर घातली आहे. पीएचला मराठीत सामू म्हणतात, तिथवर ठीक. पण क्षारता हा शब्द माती तपासणीच्या अहवालात विद्युत वाहकतेसाठी येतो, म्हणजे एकूण विरघळलेले क्षार किती यासाठी. बोलताना मात्र कोणी तोच शब्द सामूसाठी वापरतं, कोणी जड पाण्यासाठी, कोणी अल्कलिनिटीसाठी. म्हणून मी इथे क्षारता हा शब्द टाळते. पाण्याच्या तपासणीच्या कागदावर 'टोटल अल्कलिनिटी' अशी वेगळी ओळ असते. मी बोलतेय ते त्या ओळीबद्दल.

सामू तुम्हाला माहीत आहे. सातच्या खाली आम्ल, वर अल्क, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. बहुतेक कुंड्यांना मातीचा सामू 6 ते 7 च्या दरम्यान मानवतो, अनंत आणि एक्झोरासारख्यांना त्यातही खालची बाजू. सामूबद्दल एवढं पुरे.

आता अल्कलिनिटी. जुन्या वाड्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. बंबातलं पाणी कढत आहे आणि शेजारच्या पेल्यातलं पाणीही तितकंच कढत आहे. हात लावला तर दोन्ही सारखेच भाजतात. आता दोन्हीत एकेक तांब्या गार पाणी ओता. पेल्यातलं पाणी लगेच गार होईल, बंबाला पत्ताही लागणार नाही. हाताला लागणारी आच म्हणजे सामू. बंबात किती ऐवज भरलाय ती अल्कलिनिटी. पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट हा तो ऐवज. तुम्ही घातलेलं आम्ल तो गिळत राहतो, आणि तो संपेपर्यंत सामू फारसा खाली येत नाही.

मी स्वतः मोजलेलं सांगते. मत्स्यपालनाच्या दुकानात केएच किट नावाची छोटी बाटली मिळते. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकत नळी हलवायची. पाणी आधी निळं होतं आणि शेवटच्या एका थेंबाला एकदम पिवळं. जितके थेंब लागले त्याला 18 ने गुणायचं, की लिटरला किती मिलिग्रॅम अल्कलिनिटी ते कळतं. हिशोब चुनखडीच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत असतो. पुण्यात सदाशिव पेठेत आईकडच्या नळाचं पाणी चौथ्या थेंबाला पिवळं झालं, म्हणजे 72. आमच्या सोसायटीत वाघोलीला टँकर आणि बोअरचं पाणी मिसळून येतं. त्याला एकोणीस थेंब लागले, म्हणजे 342. त्याच दिवशी दोन्हींचा सामूही बघितला: आईकडे 7.8 आणि आमच्याकडे 7.4.

हे आकडे पुन्हा वाचा. सामू बघून निवड केली असती तर आमचं पाणी चांगलं ठरलं असतं.

फरक पडतो तो पाणी येतं कुठून यामुळे. पेठांमध्ये येणारं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचं, म्हणजे मुळात सह्याद्रीवर पडलेला पाऊस. तो पर्वतीला शुद्ध होऊन नळाला येतो, दगडातून फारसा झिरपलेला नसतो. बोअरचं पाणी जमिनीत मुरताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, सौम्य आम्ल होतं, आणि मग काळा पाषाण आणि त्यातली चुनखडी विरघळवत खाली जातं. ते वर येतं तेव्हा बायकार्बोनेटने भरलेलं असतं. त्यात कार्बन डायऑक्साइड अजून असतो, म्हणून सामू कमी दिसतो. तेच पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवा, वायू उडून जातो आणि सकाळी सामू आठच्या वर. लोक घाबरतात की पाणी बिघडलं. पाण्यात काहीही वाढलेलं नसतं.

आता काकूंचं लिंबू. एका लिंबाच्या रसात साधारण एक ग्रॅम सायट्रिक आम्ल धरा. दहा लिटरच्या बादलीत आईकडच्या पाण्याला एक लिंबू पुरतं, सामू सहाच्या आसपास येतो. दोन पिळली तर साडेचारच्या आसपास, तेही नको. आमच्या पाण्यात तेच एक लिंबू घातलं की कागदाची पट्टी लगेच सात दाखवते आणि माणूस खूश होतो. पण बायकार्बोनेटचा जेमतेम पाचवा हिस्सा खर्च झालेला असतो. त्यातून निघालेला वायू पाण्यात आहे तोवरच सामू खाली राहतो, सकाळी परत आठ. खरोखर खाली आणायचा तर बादलीला पाच-सहा लिंबं लागतील. शिवाय मातीतले जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात आणि त्या खाण्यातून बायकार्बोनेट पुन्हा तयार होतो. काकूंनी महिनाभर प्रामाणिकपणे केलेली मेहनत अशी पाण्यात गेली, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. व्हिनेगरचंही हेच.

कुंडीत होतं काय, ते बघा. बारा इंची कुंडीला रोज लिटरभर आमचं पाणी घातलं तर दिवसाला सुमारे एक तृतीयांश ग्रॅम चुनखडीएवढी अल्कलिनिटी जाते. वर्षाला सव्वाशे ग्रॅम. थोडी खालच्या भोकातून निघून जाते, उरलेली मातीत साठते. शेतात माती खोल असते आणि पावसाळ्यात धुऊनही निघते. कुंडीत माती दहा-बारा किलो आणि बाल्कनीत असेल तर पाऊसही लागत नाही. बियाणं तेच, खत तेच, हात तोच, तरी दीड-दोन वर्षांत मातीचा सामू साडेसातच्या पुढे सरकतो. उलट 8 सामूचं पण कमी अल्कलिनिटीचं पाणी वर्षानुवर्षं घातलं तरी मातीला फारसं काही होत नाही. त्याच्या अंगात माती फिरवण्याएवढा ऐवजच नसतो.

सामू चढला की पहिला फटका लोहाला. एक अंक वाढला की मातीत विरघळलेलं लोह हजारपटीने कमी होतं. लोह गायब होत नाही, गंजाच्या रूपात बसून राहतं. कुंडीतल्या लाल मातीचा रंग लोहाचाच असतो आणि त्याच मातीत उभा असलेला अनंत लोहावाचून उपाशी असतो. लोह एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही, म्हणून उपासमार नव्या पानांवर दिसते: पान पिवळं, शिरा हिरव्या. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं सरसकट पिवळी होतात. जुन्या पानांवर शिरांमधला भाग पिवळा पडला तर मॅग्नेशियम. एवढं बघितल्याशिवाय एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालू नका. नव्या पानांच्या पिवळेपणावर चमचा-चमचा एप्सम घालणारे लोक बघून माझा जीव तुटतो. राख आणि अंड्याची टरफलं तर अशा कुंडीत अजिबात नकोत. राख अल्क आहे, टरफलं म्हणजे चुनखडीच. ज्या कुंडीला चुन्याने त्रास होतोय तिलाच आपण चुना भरवतो.

कुंडीच्या बाहेर पांढरा थर दिसतो ना, त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसला तर कार्बोनेट आहे. नाही फसफसला तर बहुधा खताचे क्षार.

जडपणा आणि अल्कलिनिटी हाही एक घोटाळा, पण तो थोडक्यात आवरतो. जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, अल्कलिनिटी म्हणजे बायकार्बोनेट. बोअरच्या पाण्यात दोन्ही सोबत येतात म्हणून एकच वाटतात. ते वेगळे होतात सोसायटीच्या सॉफ्टनरमध्ये. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, बायकार्बोनेट जसाच्या तसा राहतो. गीझरला असं पाणी उत्तम, झाडांना मूळ पाण्यापेक्षाही वाईट. सॉफ्टनरच्या आधीचा नळ शोधा आणि तिथून पाणी भरा. यावर मी तडजोड करत नाही.

आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालायची पद्धत घरोघरी आहे. पाणी वाचवायची भावना खरी आहे, मला तिचा आदरच आहे. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन लिटर बाहेर पडत असेल, तर त्या दोन लिटरमध्ये क्षार आणि बायकार्बोनेट दीडपट झालेले असतात. त्याने फरशी पुसा, गाडी धुवा. टीडीएस मीटर याबाबत काही सांगत नाही, तो एकूण क्षार मोजतो. चारशे टीडीएस मिठाचाही असू शकतो आणि बायकार्बोनेटचाही.

तपासणीचा कागद हातात घेऊन 'सगळं मर्यादेत आहे' म्हणणारेही भेटतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, सामू 6.5 ते 8.5 आणि अल्कलिनिटी 200 पर्यंत स्वीकार्य आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. ती मर्यादा पिणाऱ्या माणसासाठी आहे. कुंडीसाठी मी शंभराच्या आत निश्चिंत असते, दीडशेपर्यंत लक्ष ठेवते, त्यापुढे काहीतरी करते.

काय करते? पहिली पसंती पावसाच्या पाण्याची. त्यात अल्कलिनिटी जवळजवळ शून्य असते. बोअरच्या पाण्यात निम्मं मिसळलं की आमचे 342 चे 171 होतात. जूनमध्ये गच्चीवरची झाडं एकाएकी हिरवी होतात ती केवळ हवा बदलल्याने होत नाहीत, पावसाने कुंडी धुऊन निघते म्हणूनही होतात. आणि मे महिन्यात नळाचं पाणी कमी होऊन टँकर वाढले की पिवळी पडतात, दोष मात्र सगळा उन्हाला लागतो.

दुसरं, खत बघून निवडणं. अमोनियम सल्फेट मातीत गेलं की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यात आम्ल तयार होतं. एक ग्रॅम खत साधारण 1.1 ग्रॅम चुनखडी खाऊन टाकतं. बारा इंची कुंडीला आठवड्यातून एकदा, लिटरभर पाण्यात एक ग्रॅम, माती आधी ओली करून. आमच्या पाण्याने आठवड्यात जी 2.4 ग्रॅम भर पडते तिच्यातली जवळजवळ निम्मी त्यातच फिटते. कॅल्शियम नायट्रेट अशा कुंडीत टाळा, ते उलट दिशेला नेतं.

मावळातले गुलाबाचे पॉलिहाऊसवाले नायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्ल मोजून पाण्यात सोडतात. त्यांच्याकडे मीटर असतो, हातमोजे असतात, रोजचा सराव असतो. घरात मुलंबाळं असताना मी ते सुचवणार नाही.

पानं आधीच पिवळी झाली असतील तर लोह द्यावं लागतं, आणि इथेही नाव बघूनच घ्या. हिराकस, म्हणजे साधं फेरस सल्फेट, अशा मातीत काही दिवसांत गंजून बसतो. ईडीटीए नावाच्या संयुगात बांधलेलं लोह साडेसहा सामूच्या पुढे टिकत नाही, आणि दुकानदार बहुतेक वेळा तेच पुढे करतो. मागायचं ते ईडीडीएचए या दुसऱ्या संयुगात बांधलेलं, सहा टक्के लोहाचं. द्राक्ष आणि संत्र्यावाले वापरतात, म्हणून शेतीच्या दुकानात मिळतं. लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम, पाणी गडद लाल होतं. संध्याकाळी मातीत ओता, पानांवर पडलं तर लगेच धुऊन काढा. कपड्यावर डाग पडतो. आधीची पिवळी पानं कधीकधी तशीच राहतात, म्हणून बघायचं ते नव्या शेंड्याकडे.

काकूंच्या अनंताला गेल्या रविवारी आम्ही दोघींनी मिळून हे दिलं. पाण्यासाठी त्यांनी गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवायचं ठरवलंय. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्यायच्या, गच्चीवरची धूळ त्यात येते. मग भरायचं, आणि तोंडाला जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर घट्ट बांधायचा, डास होऊ नयेत म्हणून.