इचलकरंजीचे पाणी: दानोळीत का अडले, सुळकुडात का रखडले

इचलकरंजीला पाणी हवे आहे आणि नदीकाठची गावे ते देत नाहीत, एवढ्यावर विषय संपवणाऱ्या बातम्या गेली कित्येक वर्षे येत आहेत. त्या वाचून शहरातल्या माणसाला गावे आडमुठी वाटतात, गावांना शहर आपमतलबी वाटते. मला दोन्ही समज अपुरे वाटतात. शहराने पाणी कुठून आणायचे हे ठरवताना, ज्यांच्या काठावरून ते उचलले जाणार त्यांचे म्हणणे नोंदवून घेण्याची ठरलेली जागाच आपल्याकडे नाही. म्हणून योजना आधी मंजूर होते आणि हरकत नंतर रस्त्यावर येते. हे एकदा नव्हे, लागोपाठ दोन नद्यांवर घडले: आधी वारणेवर दानोळीत, मग दूधगंगेवर सुळकुडात.

जुना भाग थोडक्यात सांगता येतो. जहागिरीच्या काळात, १९०४ मध्ये, इथे पहिला यंत्रमाग आला. नगरपालिका त्याच्याही आधीची. पंचगंगा शहराला लागून असल्यामुळे पाणी हा पुढची कित्येक दशके भांडणाचा विषय नव्हता. माग वाढले, त्यांच्यामागे सुताला खळ लावणारे सायझिंग आले, मग कापड धुऊन रंगवणारे प्रोसेस आले. कामाला आधी आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून, नंतर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसे आली. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या अडीच लाखांच्या पुढे होती आणि २०११ मध्ये ती २ लाख ८७ हजारांवर पोहोचली.

याच वाढीने उशाशी असलेली नदी वापरण्याजोगी ठेवली नाही. वरच्या अंगाला कोल्हापूरचे सांडपाणी, मधल्या पट्ट्यात साखर कारखाने, आणि इचलकरंजीत काळ्या ओढ्यातून जाणारे प्रोसेसचे रंगीत पाणी. खाली शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आता उन्हाळ्यात कोणाला नवीन वाटत नाहीत, आणि तेच मला अस्वस्थ करते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. 'पंचगंगेचे पाणी नको' ही भावना त्या साथीने घराघरात पक्की केली. पुढच्या प्रत्येक आंदोलनामागे ती साथ उभी आहे, हे बाहेरच्यांनी समजून घ्यायला हवे.

पालिकेने त्याआधीच कृष्णेचा आधार शोधला होता. शिरोळ तालुक्यातल्या मजरेवाडीहून दाबनलिका टाकून पाणी शहरात आणले गेले. अडचण पाण्याची नव्हती, नळीची होती. दाबनलिका जुनी झाली तशी ती फुटू लागली. आज इथे गळती, उद्या तिथे. दुरुस्तीला दोन दिवस उपसा बंद, मग टाक्या भरायला आणखी वेळ, आणि गल्लीतली पाण्याची पाळी चार-पाच दिवसांवर. नलिका टप्प्याटप्प्याने बदलण्याचे काम निघाले, पण ते नेहमी नव्या योजनेच्या सावलीत राहिले. मजरेवाडीची नलिका आधी पूर्ण बदलून झाली असती, तर शहराने दुसरी नदी मागताना त्याच्या शब्दाला वजन आले असते असे मला वाटते.

दुरुस्ती मागे का पडते याचे उत्तर बरेचसे पैशाच्या वाटेत आहे. १ ऑगस्ट १९९९ पासून राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. नाक्यावर रोज जमणारा पैसा गेला, मुंबईहून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहणे आले. जकात वाईट होती, व्यापारी तिला वैतागले होते, हे खरे. पण शहर वाढले की उत्पन्न वाढते हे नातेही तिच्याबरोबर तुटले. पाणीपट्टी वाढवायचा विषय निवडणुकीच्या हिशेबात सहसा पुढे ढकलला जातो. उरल्या त्या केंद्र-राज्याच्या मोठ्या योजना: २००५ नंतरची लहान-मध्यम शहरांची योजना, २०१५ ची अमृत. अमृतमध्ये एक लाखावरच्या शहरांना संधी होती आणि दहा लाखांपर्यंतच्या शहरांत खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा होता. अशा योजनेत नवा उद्भव म्हणजे पाणी उचलण्याची नवी जागा, तिथली उपशाची विहीर म्हणजे जॅकवेल, नवी टाकी बसते. रोजची गळती काढणे, पंपाचे वीजबिल, व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचा पगार मात्र पालिकेच्याच गळ्यात राहतो. त्यामुळे लहान शहराची पालिका दुरुस्तीऐवजी नव्या नदीकडे वळते. इचलकरंजी वारणेकडे वळली ती याच वाटेने.

दानोळीच्या निर्णयाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे.

वारणेवरचे दानोळी हे शिरोळ तालुक्यातले गाव. तिथून शहरासाठी पाणी उचलायचे ठरले. कागद नेहमीच्या क्रमाने हलला: सर्वसाधारण सभेचा ठराव, सविस्तर प्रकल्प अहवाल, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, जलसंपदा खात्याकडून पाण्याचे आरक्षण. या साखळीत प्रत्येक कडीला सही लागते, पण एकाही कडीला काठावरच्या गावाची हरकत मागवावी लागत नाही. दानोळी आणि आसपासच्या गावांपुढे योजना आली ती मंजूर होऊनच. मग २०१७-१८ च्या सुमारास ग्रामसभांचे ठराव, गाव बंद, मोजणीला विरोध, पोलीस बंदोबस्त हे सगळे झाले. उद्भव नदीवर थोडा पुढे-मागे सरकवण्याच्या सूचना झाल्या. त्यांनी वाद एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे गेला, संपला नाही. अखेर शासनाला वारणेचा हट्ट सोडावा लागला.

त्या वेळी दोन्हीकडून जे आकडे फेकले गेले ते बाजूला ठेवून साधा हिशेब करून पाहा. तीन लाख माणसांना दरडोई दरदिवशी १३५ लिटर धरले, तर दिवसाला सुमारे चार कोटी लिटर होतात, वर्षाला साधारण अर्धा टीएमसी, म्हणजे अर्धा अब्ज घनफूट. वारणेवरच्या चांदोली धरणाची क्षमता ३४ टीएमसी आहे. म्हणजे धरणाच्या मानाने शहराची मागणी फार थोडी, हे शहराचे म्हणणे बरोबर होते. पिण्याच्या पाण्याला पहिला प्राधान्यक्रम आहे, हेही बरोबर.

पण दानोळीचा शेतकरी धरणाची क्षमता पाहत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्यातली उपसाबंदी होती. पाऊस लांबला की नदीवरच्या शेतीपंपांना ठरावीक दिवस बंदी येते, हा या पट्ट्यातला अनुभव आहे. एकदा शहराचे आरक्षण नदीवर चढले की ते आधी पुरवावे लागणार, आणि टंचाईत पहिला पंप बंद होणार तो शेतातला. प्राधान्यक्रमाचा जो नियम शहराचा आधार होता, तोच गावाच्या भीतीचे कारण होता. त्यात भर म्हणजे राज्याच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी बसवले होते. तो क्रम २०११ मध्ये बदलला, पण शेतकऱ्याच्या मनातली शंका बदलली नाही. पिण्याच्या नावाने आलेले पाणी प्रोसेसला जाणार नाही याची हमी कोण देणार? हा प्रश्न विचारणाऱ्याला आडमुठा म्हणणे सोपे आहे. त्याला लेखी उत्तर देणे हे पालिकेचे आणि शासनाचे काम होते, आणि ते झाले नाही.

दुसरी हरकत अधिक बोचरी होती. शिरोळ तालुक्यातच पंचगंगेचे काळे पाणी येते. तुम्ही एक नदी नासवली, ती आमच्या गावांतून वाहते, आणि आता दुसरी चांगली नदी मागता. आधी पंचगंगा साफ करा, तिचेच पाणी प्या. शहराकडे याला तोंड देण्याजोगे उत्तर नव्हते. वरचे कोल्हापूर, साखर कारखाने, प्रोसेस, सगळ्यांनी मिळून नासवलेली नदी एकट्या इचलकरंजीने साफ करायची हा अन्याय आहे, हे मान्य. तरी काळ्या ओढ्यातून जाणारा वाटा तरी आपला आहे, तो अमुक मुदतीत थांबवतो, असे शहराने आधी ठरवून मग दानोळीला जायला हवे होते.

आता तुलनेसाठी नगररचनेचा कायदा पाहा. शहराचा विकास आराखडा करायचा तर प्रारूप प्रसिद्ध करून तीस दिवस हरकती-सूचना मागवाव्या लागतात, समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. हद्दवाढीची उद्घोषणा काढली तरी हरकतींना मुदत असते. एखाद्याच्या परसातून बारा मीटरचा रस्ता जाणार असेल तर त्याला बोलता येते. नदीवर शहराचा कायमचा हक्क चढणार असेल तर काठावरच्या गावाला बोलता येत नाही. आराखड्याच्या सुनावण्या किती प्रामाणिक असतात हा वेगळा वाद आहे, पण तिथे निदान हरकतीला नोंदक्रमांक मिळतो.

शहरातल्या लोकांची अवस्था फार वेगळी नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. इचलकरंजी २०११ च्या जनगणनेत त्या रेषेच्या किंचित खाली राहिली. क्षेत्रसभेची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद राज्याने २००९ मध्ये आणली, पण ती कागदावरून वॉर्डात फारशी उतरलीच नाही. म्हणजे पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीतल्या बाईला नगरसेवकाच्या दारात जाण्याखेरीज हक्काची जागा नव्हती. घागरमोर्चे इतके निघतात ते उगाच नाही.

आणि मग नगरसेवकही राहिले नाहीत. २०१६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यामुळे राज्यभर निवडणुका थांबल्या होत्या. २०२२ मध्ये इचलकरंजीची महापालिका झाली, तीही प्रशासकाच्याच हाती, आणि पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली चार वर्षे शहराचा एकही निवडून आलेला प्रतिनिधी पाण्याच्या विषयावर सभागृहात उभा राहू शकला नाही, कारण सभागृहच नव्हते.

नेमक्या याच काळात सुळकूडचा विषय पेटला. वारणा मागे पडल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या अमृतच्या दुसऱ्या टप्प्यातून दूधगंगा पुढे आली. उद्भव कागल तालुक्यातल्या सुळकूडला, खर्च सुमारे १६० कोटी. क्रम पुन्हा तोच: मान्यता आधी, काठावरची गावे नंतर. कागलकडे विरोध करताना सगळ्या पक्षांचे लोक एका व्यासपीठावर आले आणि सीमेपलीकडून कर्नाटकातल्या गावांनीही सूर मिळवला, कारण दूधगंगेच्या पाण्यात त्यांचाही वाटा आहे. इकडे शहरात सर्वपक्षीय कृती समिती, उपोषणे, महिलांचे मोर्चे. एकाच पक्षाचे कार्यकर्ते नदीच्या दोन बाजूंना परस्परविरोधी घोषणा देत होते. मुंबईत बैठका झाल्या आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

सुळकूडच्या विरोधात दानोळीपेक्षा एक नवा मुद्दा होता आणि तो खरा होता. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाला गळती होती, त्यामुळे साठा पूर्ण क्षमतेने करता येत नव्हता. पण शहराच्या बाजूनेही एक नवा मुद्दा होता आणि तोही खरा होता. त्याच काळम्मावाडीतून कोल्हापूरची थेट पाइपलाइन नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणाला धरणातून थेट पाणी मिळते, आणि त्याच्या सांडपाण्याचा त्रास सोसणाऱ्या खालच्या कामगार शहराला नदीतूनही मिळत नाही, हे इचलकरंजीकरांच्या जिव्हारी लागले. मला त्यांचा राग समजतो.

यातच हद्दवाढीचा तिढा मिसळलेला आहे. कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, खोतवाडी ही गावे शहराला चिकटून वाढली. माग तिथे गेले, कामगारांच्या वसाहती तिथे झाल्या. महापालिका झाली ती मात्र जुन्याच हद्दीत. गावांना घरपट्टी वाढेल, ग्रामपंचायत जाईल याची धास्ती आहे आणि शहराच्या नळाची आजची अवस्था पाहता ती अवास्तव म्हणता येत नाही. पण शहराची तहान मोजताना ही गावे धरायची की नाही, याचे उत्तर न देता काढलेला कोणताही आकडा दहा वर्षांत तोकडा पडणार.

आता सभागृह आहे. नव्या नगरसेवकांनी मुंबईच्या बैठकीची वाट पाहण्याआधी दूधगंगेच्या काठी जाऊन बसावे असे मला कळकळीने वाटते. जाताना तीन कागद बरोबर न्यावेत: मजरेवाडीच्या नलिकेत आज किती पाणी वाया जाते त्याची मोजणी, काळ्या ओढ्यातले पाणी थांबवण्याची तारीख, आणि टंचाईच्या वर्षी शहर आपली कपात आधी किती करेल याचा आकडा. कागलच्या शेतकऱ्याला उपसाबंदीचे वेळापत्रक जलसंपदा खात्याच्या सहीने आधी मिळाले पाहिजे. आणि राज्याने पाण्याच्या आरक्षणालाही आराखड्यासारखी तीस दिवसांची हरकतींची मुदत लावली पाहिजे. त्यासाठी नवी योजना लागत नाही आणि नवे १६० कोटीही लागत नाहीत.