इंटर्नशिपच्या आधीची 'कमवा आणि शिका'

नववी-दहावीच्या मुलांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी जावं, जाणत्या माणसाच्या हाताखाली चार गोष्टी शिकाव्यात, ही कल्पना हल्ली नवी म्हणून मांडली जाते. सातारा-सांगलीत तिची मुळं बरीच जुनी आहेत.

1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना थाटला. आधी ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. निवडुंगाच्या त्या माळावर तयार कारागीर कुठले मिळायला? आसपासच्या माणसांना कामावर घेऊनच घडवावं लागलं.

याच कारखान्यातले किर्लोस्करी नांगर विकत भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. स्वयंपाक, पाणी भरणं, शेतातली कामं हे सगळं पोरांच्याच अंगावर. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं आणि काम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची ही 'कमवा आणि शिका' योजना माध्यमिक शाळेतही रुजली.

मात्र तिला आजच्या इंटर्नशिपची पूर्वज म्हणणं अर्धंच खरं आहे. तिथे काम होतं ते शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून. पुढे कोण व्हायचं हे ठरवण्यासाठी नव्हे. मार्गदर्शन मिळे, कारण शिकवणारी माणसं मुलांसोबतच राहत. आजच्या योजनांत नेमकी हीच बाजू लंगडी आहे.

पुढे काम हा 'विषय' झाला. 1937 च्या वर्धा परिषदेत नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, मांडणी झाली, 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची, म्हणजे शाळेतच हाताने काम करून शिकण्याची, शिफारस केली. शाळेत त्याचं काय झालं हे त्या काळात शिकलेल्यांना विचारा: खडू, पणत्या, कागदी फुलं, आणि वर्षअखेर एक श्रेणी. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्याची दारं उघडली खरी, पण ती मुख्यतः आयटीआयवाल्यांना. साध्या हायस्कूलचा मुलगा बाहेरच राहिला.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक लोकांकडे शिकायचं आहे. सांगली जिल्ह्याला अशी माणसं शोधायला लांब जायला नको. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात वाळलेला भोपळा कापून, आतून साफ करून त्यावर लाकडी तबकडी बसते. ही विद्या आजवर बहुतेक घरातल्याच पोराला मिळत आली. बाहेरच्या मुलांना दहा दिवसांत सतार येणार नाही, पण भोपळा कसा निवडतात एवढं तरी कळेल. सहावी ते बारावीच्या मुलांना सुट्टीतही असं काम शिकता यावं, असं धोरण म्हणतं. दहावीच्या वर्षी सुट्टीत जादा तास घेणाऱ्या शाळा त्याला किती जागा देतात, अडतं ते तिथेच.