इंधन यंत्रणेतले बदल आणि गाडी पुन्हा स्टॉकवर आणणे: ग्राहकांसाठी माहिती

गाडी विकायची ठरते, मोठ्या टर्बोची (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राची) हौस फिटते, किंवा घरात ती चालवणारे आणखी कुणी असते. कारण काहीही असो, ‘सगळे काढा आणि कंपनीतून आली होती तशी करून द्या’, म्हणजे स्टॉकवर आणा, ही मागणी आमच्याकडे नेहमी येते. जे बसवले ते काढायचे, जे काढले ते बसवायचे, एवढेच काम आहे असा बहुतेकांचा समज असतो. नट-बोल्टपुरते ते खरे आहे. पण इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), पंप, रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा भाग) आणि ईसीयूतला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, मॅप (केव्हा किती पेट्रोल सोडायचे याचे तक्ते) हा एकच संच असतो. त्यातला एक जरी मागे राहिला तरी इंजिन धोक्यात येते. हे पत्रक त्यासाठी आहे.

यंत्रणा वाढवावी का लागते

इंजेक्टर किती पेट्रोल सोडतो हे दोन गोष्टींवर ठरते: तो किती वेळ उघडा राहतो आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) दाब किती आहे. ६००० आरपीएमला इंजिनच्या एका पूर्ण चक्राला, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांना, २० मिलिसेकंद लागतात. इंजेक्टर त्यातले १७ मिलिसेकंद उघडा असेल तर तो ८५ टक्क्यांवर पोहोचला. त्यापुढे त्याला नीट बंद व्हायला सवड मिळत नाही आणि ईसीयूचे त्याच्यावरचे नियंत्रण सुटू लागते. बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) वाढवला की हवा वाढते, हवेच्या प्रमाणात पेट्रोल लागते आणि स्टॉक इंजेक्टर ही मर्यादा गाठतो. म्हणून मोठे इंजेक्टर बसवतात.

पंपाचे गणित थोडे वेगळे. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत सोडणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत रेलचा दाब मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबापेक्षा ३ बार जास्त ठेवलेला असतो. दीड बार बूस्ट आला की पंपाला साडेचार बारला पेट्रोल ढकलावे लागते, आणि कोणताही पंप दाब वाढला की कमी पेट्रोल देतो. म्हणून पंपाच्या खोक्यावरचा मोठा आकडा पाहून खूश होऊ नका. तो कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजला आहे ते विचारा.

नुसता दाब वाढवून भागत नाही का, असे काही ग्राहक विचारतात. थोडेफार भागते. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ३ बारचे ४ बार केले तर इंजेक्टर साधारण १५ टक्केच जास्त देतो. शिवाय पंपावरचा ताण वाढतो तो वेगळाच.

मॅप आणि पार्ट जुळले नाहीत तर

हा भाग घाईत वाचू नका.

समजा, स्टॉक इंजेक्टर मिनिटाला ५५० सीसीचे होते आणि तुम्ही ६५० सीसीचे बसवले. ट्यूनरने (मॅप बदलून देणाऱ्याने) मॅप ६५०साठी लिहिला. आता कुणीतरी जुने ५५०चे परत बसवले आणि मॅप तसाच ठेवला, तर इंजिनला १५ टक्के कमी पेट्रोल मिळते. गंमत अशी की गाडी सुरू होते, आयडलिंग ठीक वाटते आणि हळू चालवताना काही जाणवत नाही. तिथे ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू कमतरता भरून काढत असतो. पण पूर्ण थ्रॉटलला अनेक ईसीयू त्या क्षणाचे सेन्सरचे ऐकणे थांबवतात आणि मॅपवर भरवसा ठेवतात. मॅपला अपेक्षित असलेले साडेअकराला एक हे हवा-पेट्रोलचे प्रमाण त्या वेळी प्रत्यक्षात साडेतेराच्या पुढे जाऊ शकते. बूस्टमध्ये असे झाले की ज्वलनाचे तापमान चढते, नॉक (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होते आणि पिस्टनची कड वितळते किंवा त्याचा रिंगांमधला भाग तुटतो. फरक मोठा असता तर गाडी धड चाललीच नसती आणि वेळीच कळले असते. फरक लहान असतो तेव्हाच जास्त फसगत होते.

उलट बाजू, म्हणजे मोठे इंजेक्टर आणि स्टॉक मॅप, इतकी तातडीने घातक नाही. तरी निरुपद्रवीही नाही. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, ऑइलमध्ये उतरते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) तापवून निकामी करते.

इंजेक्टर बदलले म्हणजे फक्त सीसीचा आकडा बदलला असेही नाही. प्रत्येक मॉडेलला उघडायला लागणारा वेळ वेगळा असतो आणि तो बॅटरीच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. हा तक्ता मॅपमध्ये चुकीचा राहिला तर हेडलाइट आणि पंखा चालू झाले की आयडलिंग डगमगते.

स्टॉकवर आणताना आम्ही काय पाहतो

सर्वात आधी टर्बो आणि बूस्ट. मोठा टर्बो ठेवून इंधन यंत्रणा तेवढी स्टॉक करून द्या, असे काम आम्ही घेत नाही. बूस्ट स्टॉकवर येणार असेल तरच पुढचे बोलणे.

ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले इंधन) वापरत असाल तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पेट्रोलला हवेचे आदर्श प्रमाण १४.७ला १ आहे, ई८५ला ते सुमारे ९.८ला १ आहे. त्यामुळे लिटरच्या हिशोबाने ते साधारण ४० टक्के जास्त लागते. टाकीत उरलेल्या ई८५वर वरून पेट्रोल भरून चालवू, हा विचार सोडून द्या. स्टॉक मॅपला ते मिश्रण कमीच पडते. सोबत इंधन फिल्टर आणि इंजिन ऑइल आम्ही बदलतोच.

त्यानंतर जुने पार्ट. डब्यात पडून राहिलेल्या इंजेक्टरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर होतो आणि सुई अडकते. ते थेट बसवत नाही. बेंचवर साफ करून प्रत्येकाचा प्रवाह मोजतो, कारण चारांतला एक जरी मागे पडला तरी तो एकच सिलिंडर उपाशी राहतो आणि सेन्सरला सरासरीच दिसते. ओ-रिंग नेहमी नव्या. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) असेल तर काम वाढते: तिथे दाब १५० ते ३५० बारपर्यंत असतो, इंजेक्टर हेडमध्ये कार्बनने घट्ट बसलेले असतात, आणि टोकाची टेफ्लॉन सील नवी घालून खास हत्याराने मापात दाबावी लागते. अशा गाडीच्या खर्चाचा अंदाज पोर्ट इंजेक्शनच्या गाडीवरून बांधू नका.

रेग्युलेटर सहज विसरला जातो. अनेक गाड्यांत तो टाकीच्या आत पंपासोबत असतो आणि रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) इंजिनपासून नसतेच. बदल करताना बाहेर वेगळा रेग्युलेटर आणि रिटर्न पाइप टाकलेला असतो. परत येताना आतला रेग्युलेटर जागेवर हवा, जादा पाइप काढायला हवा आणि त्याची तोंडे कायमची बंद व्हायला हवीत. टाकीच्या आतल्या तुकड्याला पेट्रोलमध्ये बुडवून वापरायचाच होज लागतो. साधा इंधन होज फक्त आतून पेट्रोल सोसतो. बाहेरूनही भिजला की फुगून फाटतो आणि पंप चालू असूनही रेलला दाब मिळत नाही.

वायरिंगही बघावे लागते. मोठ्या पंपासाठी जाड वायर, वेगळा रिले आणि मोठा फ्यूज टाकतात. मूळ बारीक वायर परत जोडली आणि फ्यूज मोठाच राहिला, तर बिघाडाच्या वेळी फ्यूजच्या आधी वायर जळते, तीही पेट्रोलच्या टाकीजवळ.

मॅप सर्वात शेवटी, पण पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी. मग इंजिन बंद ठेवून पंप चालवतो, प्रत्येक जोड हाताने तपासतो, गेजवर दाब बघतो. रस्त्यावर नेऊन फ्युएल ट्रिम (ईसीयू सेन्सर पाहून पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते) नोंदवतो. ते दोन्ही बाजूंना पाच टक्क्यांच्या आत स्थिरावले तर आम्ही समाधानी. दहाच्या पुढे असेल तर चेक इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी गाडी देत नाही.

वॉरंटी आणि विक्री

अनेक ईसीयू आपण किती वेळा फ्लॅश झालो (आपल्यात मॅप किती वेळा टाकला गेला) याची नोंद ठेवतात आणि स्टॉक मॅप परत टाकल्याने ती पुसत नाही, म्हणजे वॉरंटी मागताना बदल कळू शकतो. ‘कुणाला कळणार नाही असे करून द्या’ याला आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. विकताना घेणाऱ्याला आणि विमा कंपनीला बदल सांगा. आम्ही केलेल्या कामाची यादी आणि ट्रिमच्या नोंदी छापून देतो, त्या दाखवल्या की घासाघीस बरीच कमी होते.

येताना काय आणाल

काढलेले स्टॉक पार्ट, जसे असतील तसे. बदल आज करवून घेत असाल तर ते विकू नका. इंजेक्टर पुसून, टोप्या लावून, नावाची चिठ्ठी डकवून ठेवा. ट्यूनरकडून मूळ मॅपची फाइल मागून घ्या. टाकीत पाव भागापेक्षा जास्त इंधन नको. आणि बदल दुसरीकडे झाले असतील तर काय काय केले ते आठवेल तेवढे लिहून आणा, ‘बहुधा’ लावून लिहिलेले चालेल, आम्ही उघडून बघतोच.