जैवविविधता संग्रहालयातील निसर्गशिक्षण

प्राणी, वनस्पती, बुरशी आणि जीवाश्म यांचे नमुने सांभाळणाऱ्या संग्रहालयांनी सर्वसामान्यांसाठी चालवलेले शिक्षणाचे काम. नमुने हाताळण्याची सत्रे, मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या, व्याख्याने, निसर्गभ्रमणे आणि जीवजातींच्या नोंदी घेण्याचे उपक्रम त्यात येतात. जैविक विविधता कराराच्या (१९९२) तेराव्या कलमात लोकशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. संग्रहालये मात्र हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून करत आली आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतला एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. हा पक्षी कोणता, एवढेच त्याला विचारायचे होते. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि वर संग्रहाचे खण उघडून शेकडो पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ झालेले सलीम अली. याला कोणी ‘कार्यक्रम’ म्हणणार नाही, पण चांगल्या सत्रात आजही याहून वेगळे फारसे काही घडत नाही.

काचेमागची दृश्ये हा या शिक्षणाचा जुना प्रकार. कार्ल एकली यांनी १८९० साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या संग्रहालयात मस्करॅट या उंदीरवर्गीय प्राण्याचे त्याच्या पाणथळ घरासकट दृश्य उभारले, आणि पेंढा भरलेला प्राणी नुसता ठोकळ्यावर उभा करण्याची पद्धत मागे पडू लागली. तरी काच ती काचच. कॅनडातल्या व्हँकूवरचे बीटी जैवविविधता संग्रहालय २०१० साली खुले झाले. तिथे दर्शनी दालनात सुमारे २६ मीटर लांबीच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. लोक आधी त्याच्याकडेच मान वर करून बघतात, यात नवल नाही. पण त्या संग्रहालयाचे खरे बळ संशोधनासाठी जमवलेल्या वीस लाखांहून अधिक नमुन्यांत आहे, आणि प्रदर्शनही त्या संग्रहाच्या कपाटांमधूनच मांडलेले आहे.

नमुन्याइतकीच त्याची चिठ्ठी महत्त्वाची असते. कुठे, कधी आणि कोणी गोळा केला, एवढेच तिच्यावर असते. पण ती हरवली की फुलपाखरू निव्वळ शोभेचे उरते. चिठ्ठीचे मोल समजावताना ससाण्यांच्या अंड्यांचे उदाहरण हमखास कामी येते. निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ साली ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्यांच्या जुन्या-नव्या अंड्यांची तुलना केली, तेव्हा १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवचे पातळ होत गेल्याचे दिसले. त्यामागे डीडीटी हे कीटकनाशक असल्याचे पुढे सिद्ध झाले. छंद म्हणून अंडी जमवणाऱ्यांच्या हे स्वप्नातही नव्हते. त्यांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या, इतकेच.

हाताळायला दिले जाणारे नमुने मुख्य संग्रहातले नसतात. झीज होते हे एक कारण. दुसरे असे, की जुन्या कातड्यांना किडीपासून वाचवण्यासाठी आर्सेनिकयुक्त साबण चोळलेला असे, त्यामुळे तसे पक्षी उघड्या हाताने धरणे धोक्याचे. म्हणून कवट्या, पिसे, शिंपले, सापाची कात असा वेगळा संच ठेवतात.

मुलांचे सर्वांत आवडते सत्र घुबडाच्या पेलेटचे. घुबड भक्ष्य अख्खे किंवा मोठ्या तुकड्यांत गिळते. न पचलेले केस आणि हाडे यांची गोळी होते आणि ती ते तोंडावाटे बाहेर टाकते. उष्णता देऊन निर्जंतुक केलेली अशी गोळी चिमट्याने सोडवायला देतात. आधी करड्या केसांचा नुसता गुंता दिसतो. मग काडीएवढी मांडी, आणि शेवटी नखाएवढी कवटी. पुढचे दात नारिंगी असले की उंदीर-घुशींच्या कुळातला प्राणी ओळखावा: दातांच्या कवचातल्या लोहामुळे तो रंग येतो. चिचुंद्री असेल तर दातांची ठेवणच निराळी. सत्र घेणाऱ्याने इथे गप्प बसावे. उत्तर आधी सांगून टाकले की सगळी मजा गेली.

‘हे तुम्ही मारलं का?’ हा प्रश्न प्रत्येक गटातून येतो. तो टाळू नये. पूर्वी बहुतेक नमुने शिकार करूनच आले. आता पुष्कळसे खिडकीवर आपटून, रस्त्यावर किंवा किनाऱ्याला लागून मेलेले असतात, मात्र कीटक आजही गोळा करावे लागतात.

भिंतीबाहेरच्या उपक्रमांत ‘बायोब्लिट्झ’ विशेष रुळला. एका ठरावीक जागी, बहुधा चोवीस तासांत, तज्ज्ञ आणि हौशी मिळून सापडतील तेवढ्या जीवजाती नोंदवतात. हे नाव १९९६ साली वॉशिंग्टनमधल्या अशा मोहिमेत पहिल्यांदा वापरले गेले. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या दोन निसर्गसंग्रहालयांनी लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात नोंदींची चुरस लावली. तिचेच पुढे ‘सिटी नेचर चॅलेंज’ झाले आणि ती जगभर पसरली. या नोंदी मुख्यतः फोनने काढलेल्या छायाचित्रांच्या असतात. पक्षी आणि फुलपाखरे त्यावरून सहसा ओळखता येतात. पण कित्येक माश्या आणि भुंगेरे यांची जात जननांगे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि तशा नोंदी जातीच्या वरच्या गटाच्या, म्हणजे प्रजातीच्या (जीनस) किंवा कुळाच्या, नावावरच थांबतात.